चंचीचा कप्पा

नोकरी संपून इतकी वर्षं झाली, तरी त्या तपकिरी हातपिशवीचं प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. खून, दरोडे, गंजी पेटवणं, असलं पुष्कळ काही माझ्या हाताखालून गेलं आणि त्यातल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. या प्रकरणात मात्र रक्त सांडलं नाही, की कोणाचं घर फुटलं नाही. तरी ते अथपासून इतिपर्यंत आठवतं.

परवा पुतणीची मुलगी एक पिशवी खांद्याला लावून आली. नाव विलायती कंपनीचं, माल इथलाच. घरात वाद पेटला. एक म्हणे, असली नकली वस्तू घेणं म्हणजे चोराला हातभार लावणं. दुसरी म्हणे, दिसायला तीच, टिकायला तीच, मग नावासाठी चौपट कोणी मोजावेत? शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पोलीस होतात, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, उत्तर मोठं आहे, लिहूनच देतो.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांतासोबत नागपूरहून चालत असे. मी तरुण सब-इन्स्पेक्टर होतो आणि माझं ठाणं बुलढाणा जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, देऊळगाव राजापासून घोड्यावर दोन तासांच्या वाटेवर असलेल्या एका बाजाराच्या गावी होतं. पलीकडे निजामाची मोगलाई लागायची. नाला ओलांडला की राज्य बदललं, इतकी जवळ. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यांची नातवंडं अजून तिथं नांदत आहेत.

ठाण्यात मी, एक जमादार आणि सात शिपाई. जमादार जळगाव जामोदकडचा, अस्सल घाटाखालचा वऱ्हाडी. वयानं माझ्या वडिलांएवढा. हाताखालचा माणूस असला तरी मी त्याला 'जमादारसाहेब' म्हणत असे आणि तो मला 'सायेब' म्हणून माझ्या चुका गुपचूप सुधारत असे. त्याच्या कमरेला कायम एक चंची असायची. आजच्या पोरांना चंची ठाऊक नसेल. पानं, सुपारी, कात आणि चुना वेगवेगळे राहावेत म्हणून कप्पे शिवलेली, गुंडाळून ठेवायची कापडी थैली. जमादार एक वेळ बिल्ल्याशिवाय ड्युटीवर येईल, पण चंचीशिवाय नाही.

संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस होते. गावातल्या एका नामांकित वकिलांनी ठाण्यात येऊन फिर्याद दिली की, त्यांच्या घरी हळदीकुंकू झालं त्या दिवसापासून पत्नीची हातपिशवी गायब आहे. पिशवी मुंबईच्या मोठ्या दुकानातली, विलायतेत बनलेली. आत फारसं काही नव्हतं, पण पिशवीच किमती. माझा महिन्याचा पगार तिच्यापुढे तोंड लपवेल, अशी तिची किंमत वकिलांनी सांगितली. मी गुन्हा नोंदवला, घरातल्या नोकरमाणसांच्या जबान्या घेतल्या. हाती काहीच लागलं नाही. गाडीवान तेवढा भेटला नाही. तो हळदीकुंकवाच्या दिवशीच वकिलांच्या पाहुण्यांना घेऊन जालन्याला गेला होता आणि तिकडेच होता. मी त्याच्या नावापुढे 'परगावी' असं लिहून मोकळा झालो. ही माझी पहिली चूक.

चार दिवसांनी बाजाराचा वार होता. सकाळी वकील धापा टाकत ठाण्यात आले. म्हणाले, "चोर सापडला. चला."

झालं होतं असं. मुलींच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. वकील शाळेच्या कमिटीवर, त्यामुळे वकिलीणबाई बक्षिसं वाटायला गेल्या होत्या. तिथं टेबलावर त्यांना आपली पिशवी दिसली. ती होती मास्तरीणबाईंची. भर पटांगणात, सगळ्या मुलींसमोर, वकिलीणबाई ओरडल्या, "ही माझी बॅग! माझ्या घरून चोरलेली!"

मास्तरीणबाई अमरावतीला ट्रेनिंग घेऊन आलेल्या. वय पंचविशीचं, कपाळ मोकळं, नेसणं साधं. त्या शाळेच्या एकट्याच शिक्षिका. गावात मुलींना शाळेत घालायला लोक तयार नसत, या बाईंनी घरोघर फिरून मुली गोळा केल्या होत्या. हळदीकुंकवाला विधवेला कोणी बोलावत नाही. पण वकिलांची मुलगी शाळेत होती. तिच्या अभ्यासाचं काही सांगायला बाई त्या दिवशी मागच्या दारानं वकिलांच्या घरी जाऊन आल्या होत्या. संशयाला एवढं पुरे होतं.

मी पिशवी पाहिली. रंग, आकार, सोनेरी इंग्रजी अक्षरांचा ठसा, सगळं फिर्यादीत लिहिल्याबरहुकूम. वकिलीणबाई म्हणाल्या, "आत बघा. अस्तराला एक छोटा कप्पा असेल, वर झाकण असेल." मी दोन पंचांसमोर पिशवी उघडली. आत कप्पा होता, वर झाकण होतं. मी पंचनाम्यात तेही नोंदवलं आणि मनात म्हटलं, झाली केस.

मग मी बाईंना ठाण्यावर यायला सांगितलं. बेड्या नाहीत, हात धरणं नाही, पण पुढे एक शिपाई, मागे एक शिपाई आणि भरलेला बाजार. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "मास्तरीण! चोरीत घावली!" त्या मान ताठ ठेवून चालत होत्या. त्या वेळी मला तो उद्धटपणा वाटला.

ठाण्यात जमादाराच्या बायकोला पोलीस लाइनीतून बोलावून त्यांच्याशेजारी बसवलं आणि मी चौकशी सुरू केली.

"पिशवी कुठून आणली?"

"विकत घेतली."

"कोणाकडून?"

"ते मी सांगू शकत नाही."

"का?"

"शब्द दिला आहे."

चोरीचा माल बाळगणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो की, विकत घेतला. दुसऱ्या प्रश्नाला तो एखाद्या परक्या फेरीवाल्यावर ढकलतो. 'शब्द दिला आहे' असं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. तरी मी आवाज चढवला. म्हणालो, "बाई, पगार किती, पिशवी केवढ्याची, याचा काही मेळ बसतो का? संध्याकाळी पाचला कमिटी बसते आहे. तुम्हाला काढून टाकतील. पुन्हा कोणती शाळा घेईल?"

"मला माहीत आहे."

"मग शब्द मोठा की नोकरी?"

त्या म्हणाल्या, "मी नाव सांगितलं तर त्या माणसाचं पोट जाईल. त्याला हातातल्या कामाशिवाय दुसरं काही येत नाही. मी शिकलेली आहे, कुठंतरी चार पोरी शिकवीन." आणि जरा थांबून, "ती विलायती नाही, एवढं सांगते. नकली आहे हे ठाऊक असून घेतली."

"शिकलेल्या बाईनं नकली वस्तू घ्यावी?"

तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. "साहेब, मी कापडी पिशवी घेऊन कमिटीच्या सभासदांकडे गेले की मला ओसरीवर उभं करतात. डाळ-तांदूळ मागायला आलेली बाई समजतात. ही घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदा 'बसा' म्हणाले. शाळेला फळा मिळाला, तो या पिशवीमुळे मिळाला. मी नाव विकत घेतलं नव्हतं. पण लोकांना नावच वाचता येतं, त्याला मी काय करू?"

तो फळा चोरीच्या आधी मिळाला की नंतर, एवढं विचारायचं मला सुचलं नाही, ही माझी दुसरी चूक. मी चिडलो आणि उठून बाहेरच्या खोलीत आलो. जमादार मुद्देमालाची चिठ्ठी लिहायला पिशवी पुढ्यात घेऊन बसला होता. पण लिहीत काही नव्हता. त्यानं आतला कप्पा उघडला होता आणि त्यात बोट घालून पाहत होता.

"काय करून राह्यले जमादारसाहेब? मुद्देमाल आहे तो."

"सायेब," तो म्हणाला, "हे तं चंची हाये."

"काय?"

"पाहा ना तुमी. हा कप्पा वरून चपटा दिसते, पण खालून फुगवला हाये. काऊन? सुपारी राहाची म्हून. आन् बाजूले ही उभी, बोटभर नळी, हे चुन्याच्या डबीची. झाकण पाहा कसं दुमडते, पान सुकू नये म्हून. मायी बायको अशीच शिवते." त्यानं कमरेची चंची सोडली, सुपारीचं खांड काढलं आणि मी थांबवायच्या आत त्या विलायती पिशवीत टाकलं. ते नेमकं जागेवर बसलं. चुन्याची डबी नळीत सरकवली, तीही बसली. "विलायतचा गोरा मानूस काय पान खाते, सायेब?"

कप्प्याच्या तळाशी पांढरी पूड होती. जमादारानं बोटावर घेऊन जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. "चुना नाई. खडू हाये. पण कप्पा चुन्याचाच हाये, हे म्या लिहून देतो."

मी आत जाऊन बाईंना विचारलं, या कप्प्यात काय ठेवता? त्या म्हणाल्या, "खडू. तो खडूसाठीच केला आहे ना? मला वाटलं, तिकडच्या बायका मास्तरकी करतात, म्हणून सोय केली असेल."

मला हसू आलं, पण मी ते मिशीत दाबलं. ज्या कप्प्याच्या जोरावर मी त्या बाईंना चोर ठरवून बसलो होतो, तोच आता ओरडून सांगत होता की ही पिशवी विलायतेत शिवलीच नाही. पंचनामा करताना मी कप्पा आहे एवढंच पाहिलं होतं. कसा आहे, ते सुपारी खाणाऱ्यानं पाहिलं.

आता शिवणारा शोधायचा होता. पिशवी उजेडात धरून मी शिवण पाहू लागलो. मेण लावलेला दोरा, दोन सुयांची शिवण, टाके दोन्ही बाजूंनी सारखे. हे काम मी रोज पाहत होतो, पण कुठं, ते पटकन आठवेना. मग ठाण्यामागच्या तबेल्यात गेलो. माझ्या घोड्याचा जीन मागच्या पावसाळ्यात फाटला होता आणि गावातल्याच कारागिरानं तो शिवून दिला होता. पिशवी जिनावर ठेवली. टाक्याला टाका जुळला.

हा कारागीर मुसलमान, जात्याच जीनसाज. सगळं गाव त्याला चाचा म्हणे. बापजादे सरदारांच्या घोड्यांचे जीन करायचे, हा टांग्यांचे पट्टे आणि फौजदारांचे खोगीर शिवायचा. मोटारी आल्या, घोडी कमी झाली, तसा वहाणांना टाके घालत बसायचा. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. जमादाराला बरोबर घेऊन मी तिथं गेलो. चाचा रापीनं चामडं कापत होता. मला पाहून उठला, सलाम केला.

मी पिशवी त्याच्यासमोर ठेवली. "चाचा, ही कोणी शिवली?"

त्यानं पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ही तुमच्यापाशी कशी आली, सायेब?"

"मास्तरीणबाईंकडे सापडली. चोरीची म्हणून त्यांना ठाण्यावर आणलं आहे."

"बाईले? ठान्यावर?" रापी त्याच्या हातातून खाली पडली. "बाईनं मायं नाव नाई सांगितलं?"

"नाही."

चाचानं माठातलं पाणी घेऊन हात धुतले, पुसले. मग खुंटीवर टांगलेल्या फडक्याखालून एक पिशवी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. हुबेहूब तीच, फक्त तिचा एक बंद उसवलेला होता. नंतर फळीवरच्या डब्यातून पितळेचा एक ठसा काढून तिच्याशेजारी ठेवला.

"ही वकिलीणबाईची. असल. गाडीवान देऊन गेला, बंद शिवून द्या म्हने, आन् जालन्याले निघून गेला. दुसऱ्या दिवशी गावात बोंब झाली, बाईची बॅग चोरीले गेली. मायी तं हवाच गेली. बॅग माया दुकानात, ठसा माया डब्यात, गाडीवान मोगलाईत. मले कोन खरं मानीन? म्हून गप बसलो. ते चुकलं मायं. पन बाईले काऊन पकडलं हो? त्यायनं तं पैसे देऊन घेतली. म्याच हात जोडले होते, माया नावाचा बोभाटा करू नका, ठशाची भानगड हाये म्हून."

त्यानं सगळं सांगितलं. वर्षभरापूर्वी हीच पिशवी एकदा खटका बसवायला त्याच्याकडे आली होती. तेव्हा त्यानं कागदावर तिचं माप घेऊन ठेवलं. ठसा मोगलाईतल्या एका मोहरा खोदणाऱ्याकडून करून घेतला. इंग्रजी अक्षर ना त्याला येत होतं, ना त्या खोदणाऱ्याला. त्यांनी अक्षरं म्हणजे वेलबुट्टी समजून उतरवली होती, आणि एक रेघही चुकली नव्हती.

"आणि तो आतला कप्पा?" मी विचारलं.

इथं मात्र म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "सायेब, असलमदी कप्पा होता, पन रिकामा. म्या लई इचार केला, हा कायचा? बाईमानूस एवढी चांगली पिशवी घेऊन जाते, मंग पान-सुपारी कुठी ठेवते? म्हनलं, त्याचाच असंन. पन इलायतवाल्यानं लईच चपटा केला. सुपारीचं खांड घुसत नाई, चुना ठेवाले जागा नाई. गलती झाली असंन बिचाऱ्याची. म्या दुरुस्त करून टाकली." आणि छातीला हात लावून म्हणाला, "नक्कल केली सायेब, झूट काऊन बोलू? पन त्याची गलती नाई उचलली."

मी पोलीस होतो, मला रागावायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. दोन पिशव्या समोर होत्या. विलायतीचा वर्षभरात आधी खटका गेला, मग बंद हातात आला. चाचाच्या पिशवीचा बंद धरून मी आणि जमादारानं दोन बाजूंनी ओढून पाहिला, तो हलला नाही. घोड्याच्या तंगाला, जीन आवळायच्या पोटपट्ट्याला, जी शिवण लागते ती त्यानं बायकांच्या पिशवीला घातली होती. त्याला कमी मजबूत शिवताच येत नव्हतं.

"चला सायेब," तो म्हणाला. "मले न्या, बाईले सोडा."

चाचाचा शब्द खरा, पण आरोपीच्या शब्दावर केस मिटत नाही. मी वकील आणि वकिलीणबाईंना ठाण्यावर बोलावलं. दोन्ही पिशव्या टेबलावर ठेवल्या. उसवलेला बंद दिसू नये म्हणून दोन्हींचे बंद फडक्यानं झाकले आणि म्हटलं, "बाईसाहेब, यातली तुमची कोणती?"

त्यांनी दोन्ही हाताळल्या. फार वेळ लावला नाही. "ही," त्या म्हणाल्या. त्यांनी चाचाची उचलली होती.

"नक्की?"

"माझी वस्तू मी ओळखत नाही का? बघा ना, चामडं कसं आहे. दुसरी कुठं अशी!"

"आतल्या कप्प्यात तुम्ही काय ठेवता?"

"आरसा. चपटा आरसा येतो तिच्याबरोबर. त्याचा टवका उडाला म्हणून केव्हाच काढून घरी ठेवला मी."

शिपाई पाठवून आरसा आणवला. वकिलीणबाईंनी तो हातातल्या पिशवीच्या कप्प्यात घातला, तर फुगीर कप्प्यात तो आडवा पडला. काढून दुसरीत घातला, तर सर्रकन आत गेला. मी फडकं काढलं. उसवलेला बंद पाहताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं बाई! मीच गाडीवानाला म्हटलं होतं. पाहुण्यांचं सामान गाडीत चढत होतं, तेव्हा म्हटलं, जाता जाता एवढी शिवायला टाक. घरात इतक्या बायका, इतकी गडबड, माझ्या साफ ध्यानातून गेलं."

वकिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण कायद्याचा माणूस, लगेच सावरून म्हणाले, "ठीक आहे, गैरसमज झाला. पण ठशाचा गुन्हा आहे. त्या म्हाताऱ्याला आत घाला." मी कायद्याचं पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. खोटा व्यापारी ठसा हा अदखलपात्र गुन्हा. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय मला त्यात हात घालता येत नव्हता आणि ज्या कंपनीचं नाव होतं तिची तक्रार नव्हती. "तुम्हाला कोर्टात अर्ज करायचा तर करा," मी म्हटलं. "त्यात लिहावं लागेल की, तुमच्या पत्नीनं नकली पिशवी असली म्हणून उचलली." त्यांनी पुस्तक मिटलं.

चाचानं मागून घेतलेल्या कानशीनं तिथंच ठाण्याच्या पायरीवर बसून ठसा घासून सपाट केला. मी त्याला म्हटलं, "आता तुझं नाव घालून विक." तो म्हणाला, "माया नावाची पिशवी पाहून कोन बाईले बसा म्हनीन, सायेब?" पुढे सर्कल इन्स्पेक्टरना मी अहवाल दिला तेव्हा ते खूप हसले आणि हळूच म्हणाले, त्यांच्या घरच्यांसाठी एक मिळेल का, रोख पैसे देतो. मी म्हटलं, मिळेल. तर म्हणाले, "ठसा असतो ना पण तिच्यावर?"

पुतणीच्या मुलीला माझं उत्तर हेच आहे. पिशवीवरचं ते खोटं नाव हातानं झाकून बघ. तरी ती हवीशी वाटली तर घे, आणि शिवणाऱ्याचं नाव विचारून घे. नाव झाकल्यावर नकोशी झाली, तर समज की तुला पिशवी नकोच होती. मग खरीही घेऊ नकोस. मात्र खोटं नाव घालून विकणं चूकच, हे मी चाचाला सांगितलं होतं आणि त्यालाही ते मान्य होतं. त्या बाईंना दोष द्यायला मात्र माझी जीभ तेव्हाही रेटली नाही आणि आजही रेटत नाही. दोष द्यायचा तर ओसरीवर उभं करणाऱ्यांना द्यावा.

पण हे प्रकरण मला आठवतं ते यामुळे नाही.

साडेचार वाजले होते. मी आतल्या खोलीत जाऊन मास्तरीणबाईंना सांगितलं, तुमच्यावर काही नाही, चोरी झालीच नव्हती, तुम्ही जाऊ शकता. मला वाटलं, त्या आभार मानतील. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. "येताना दोन शिपाई होते, सगळ्या बाजारानं पाहिलं. आता एकटी गेले तर लोक म्हणतील, सुटली. चोरी केली नाही असं कोणी म्हणणार नाही."

दिवसभर न रडलेल्या त्या बाईंच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. मला माझी लाज वाटली, अगदी साफ लाज वाटली. माणसाला ठाण्यात कसं आणायचं, याचे नियम मला तोंडपाठ होते. परत कसं न्यायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी टोपी घातली, पट्टा कसला, टेबलावरची चाचाची पिशवी उचलली आणि म्हटलं, "चला, मी सोडतो." त्यांनी पिशवीला हात पुढे केला. मी दिली नाही. "ही मी घेतो."

वकिलीणबाई दारात उभ्या होत्या. वकील म्हणाले, "तू घरी चल, मी कमिटीत सांगतो." त्या म्हणाल्या, "ओरडले मी शाळेत. कमिटीत नाही." आणि पदर सावरून आमच्याबरोबर निघाल्या.

बाजार अजून भरलेला होता. पुढे मास्तरीणबाई, त्यांच्याशेजारी वकिलीणबाई आणि दोन पावलं मागे गणवेशातला मी, हातात बायकांची पिशवी. पोरं खिदळली. एक भाजीवाली पदरात तोंड खुपसून हसली. मी पिशवी लपवली नाही, उलट सगळ्यांना दिसेल अशी धरली. कोणी विचारलं तर थांबून सांगत होतो, "बाईंची आहे. त्यांनी विकत घेतली आहे. चूक पोलिसांची झाली." जमादार मागून येऊन हेच वऱ्हाडीत सांगत होता, आणि त्याचं लोकांना लवकर पटत होतं.

शाळेत बातमी आधीच पोचली होती. मुली पटांगणात उभ्या होत्या. वकिलीणबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू येईल असं बोलल्या. "सकाळी मी बाईंना चोर म्हणाले. ते खोटं होतं. माझी बॅग मीच शिवायला टाकली होती. बाई, मी चुकले." मी सलाम करून पिशवी मास्तरीणबाईंच्या हातात दिली. कमिटीची सभा पाचला बसली आणि सव्वापाचला उठली. पुढे अनेक वर्षं त्या बाईंनीच ती शाळा चालवली.

त्यानंतर माझ्या बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. संशयावरून आणलेला माणूस निर्दोष ठरला की मी त्याला, ज्या रस्त्यानं आणला त्याच रस्त्यानं, दिवसाउजेडी, स्वतः घरापर्यंत सोडून येऊ लागलो. नियमात तसं काही लिहिलेलं नाही, रोजनाम्यात त्याला रकानाही नाही. वरिष्ठ त्याला माझी लहर म्हणत. म्हणोत बापडे.

बोचतं ते दुसरंच. त्या दिवसाच्या आधीही मी नोकरीत होतोच. 'काही निष्पन्न नाही, सोडून दिले' असं लिहून मी किती माणसं ठाण्याच्या दारातून एकटी परत पाठवली, ते मला आता आठवतही नाही. त्यांच्या गावाला मात्र आठवत असेल.